हातोहात : मराठीतील चोरट्या वाचनाचा समाज

कामुक कथा एकांतात वाचली जाते, परंतु ती एकट्यापाशी राहत नाही. ती बहुधा दुसऱ्या कोणाकडून आलेली असते आणि वाचून झाल्यावर तिसऱ्याकडे जाते, आणि या देण्याघेण्यातून एकमेकांची नावे उच्चारायला संकोचणाऱ्या, पण एकमेकांची आवड नेमकी ओळखणाऱ्या वाचकांचा एक समाज तयार होतो. केरळात अशा कथांना ‘कोच्चुपुस्तकम्’, म्हणजे शब्दशः ‘लहान पुस्तक’, असे जुने नाव आहे. छापील पुस्तक मागे पडून त्याच प्रकारचा मजकूर मोबाइलवरून फिरू लागला, तेव्हा ‘कंबिक्कथा’ हे नाव रूढ झाले आणि तिच्याभोवती मलयाळी वाचकांचे मोठे जाळे उभे राहिले. मराठीत असे जाळे नाही असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. फरक एवढाच की मराठीत त्याविषयी लिहिण्याची प्रथा नाही. जे लिहिले गेले ते न्यायालयात लिहिले गेले, आणि न्यायालयाला प्रश्न पडतो तो मजकुराचा, वाचकाचा नव्हे. प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे तो हा न पाहिलेला वाचक, आणि त्याला समजून घेण्यासाठी पुण्या-मुंबईऐवजी धाराशिव जिल्ह्यातील भूमसारखे तालुक्याचे गाव समोर ठेवले आहे, कारण चोरटे वाचन शहरापेक्षा अशा गावात अधिक अडचणीचे असते आणि म्हणून त्याच्या वाटाही तिथे अधिक स्पष्ट दिसतात.

आधी शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे, कारण या व्यवहाराला मराठीने दिलेली नावेच बरेच काही सांगून जातात. ‘चावट’ या शब्दाचे मूळ कामुकतेत नाही. जुन्या मराठीत ‘चावटी’ म्हणजे वायफळ बडबड, आणि चावट म्हणजे नको तिथे नको ते बोलणारा. म्हणजे चावटपणा हा मुळात बोलण्याचा, तोही चारचौघांतल्या बोलण्याचा गुण होय. ‘आंबटशौकीन’ या शब्दात वाचकाची किंवा प्रेक्षकाची थट्टा आहे, निषेध नाही. ‘पिवळे पुस्तक’ हे नाव वेष्टनाचा रंग कोणताही असला तरी एका विशिष्ट मालाला चिकटले. या सर्वांहून वेगळा शब्द ‘अश्लील’ हा आहे. संस्कृत काव्यशास्त्रात अश्लीलता हा एक काव्यदोष मानला जाई आणि त्याचे तीन प्रकार सांगितले जात: व्रीडा म्हणजे लाज उत्पन्न करणारा, जुगुप्सा म्हणजे किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. मृत्यूची आठवण करून देणारा शब्दही या व्याख्येने अश्लील ठरू शकतो. आज न्यायालयात जो ‘अश्लील’ शब्द चालतो त्याचा या त्रिविध दोषाशी फारसा संबंध उरलेला नाही. तो इंग्रजी कायद्याचा अनुवाद आहे आणि त्याने रसिकाच्या अभिरुचीचा प्रश्न पोलिसांच्या पंचनाम्याचा केला. चावट, आंबट आणि पिवळे हे लोकांचे शब्द, तर अश्लील हा सरकारचा, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी पुढील विवेचनातील पुष्कळसा गोंधळ टळतो.

मराठी भूमीत शृंगाराचे सामूहिक वाचन किती जुने आहे हे सांगण्यासाठी धाराशिव जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. याच जिल्ह्यातील तेर हे सातवाहनकालीन ‘तगर’ नावाचे व्यापारी नगर होते, आणि तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगते. त्याच सातवाहन परंपरेत हालाच्या नावावर असलेली, महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ येते, स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये ती मराठी वाचकांसमोर आणली. परंपरा सांगते की एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या गेल्या. कोटीचा आकडा अर्थातच कवीचा, परंतु त्यामागची कल्पना महत्त्वाची आहे: नांगरटी, पाणवठे, परगावी गेलेले नवरे आणि त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रिया यांच्याविषयीची ही सूचक, कित्येकदा धीट कविता एका कवीची नाही; लोकांत फिरणाऱ्या गाथांचा तो संग्रह आहे. पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात होनाजी बाळा, राम जोशी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्यांनी हाच शृंगार फडावर आणला, आणि शिमग्याने गावाला वर्षातून काही दिवस एरवी निषिद्ध असलेले शब्द मोठ्याने उच्चारण्याची मुभा दिली. लग्नघरातील स्त्रियांच्या थट्टेच्या गाण्यांनाही अशीच मुभा होती. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे वेळ आणि जागा ठरलेली असे: फड, होळी, मांडव. छापखान्याने हे कुंपण मोडले. पुस्तक कोणत्याही दिवशी, कोणत्याही घरात, कोणाच्याही उशीखाली जाऊ शकत होते, आणि समाजाला खरी भीती वाटली ती या मोकाट फिरण्याची.

या भीतीचा पहिला मोठा फटका बसला तो कामुक कथेला नव्हे, तर शास्त्रीय माहितीला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. संततिनियमन, गुप्तरोग आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय होते. 1931 मध्ये त्यांना एका लेखासाठी दंड झाला. 1934 च्या खटल्यात मात्र आक्षेप होता तो वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही दोनशे रुपये दंड झालाच. या खटल्याची आठवण सहसा दोन थोर पुरुषांच्या धैर्याची कथा म्हणून काढली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु येथे महत्त्वाचे आहेत ते प्रश्न विचारणारे. घरी, वैद्याकडे किंवा मित्रांत जे विचारता येत नव्हते ते एका मासिकाला पत्राने विचारता येते, आणि आपल्यासारखेच प्रश्न इतरांनाही पडतात हे छापील उत्तरांवरून कळते, हा अनुभव मराठी वाचकाला या मासिकाने दिला. याच मासिकातील ‘शारदेची पत्रे’ हे सदर कर्वे स्त्रीच्या टोपणनावाने लिहीत. निनावी वाचक, टोपणनावाचा लेखक आणि दोघांमध्ये लाज राखून चाललेला संवाद ही आज मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी रचना मराठीत तेव्हापासूनच उपलब्ध होती, मात्र ती ज्ञानासाठी होती, रंजनासाठी नव्हे.

रंजनाच्या बाजूचा निर्णायक खटला आला तो 1962 च्या दिवाळी अंकामुळे. ‘रंभा’ मासिकाच्या त्या अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. एका कवीच्या आयुष्यात क्रमाने येणाऱ्या तीन स्त्रिया हा तिचा विषय. तक्रार झाली, खटला उभा राहिला आणि कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. परंतु उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून लेखकाला पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. पंचवीस रुपयांसाठी कोणी सर्वोच्च न्यायालयात जात नाही. काकोडकर गेले, आणि ऑगस्ट 1969 मध्ये न्या. पी. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालाने त्यांची शिक्षा रद्द झाली. भारतीय समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत आहेत, आणि किशोरवयीन मुलामुलींनाही आता अभिजात ग्रंथांपासून कथा-कादंबऱ्यांपर्यंत कितीतरी वाङ्मय उपलब्ध आहे, अशी दखल त्यात घेतली गेली. पाचच वर्षांपूर्वी, 1964 मध्ये, त्याच न्यायालयाने मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दलची शिक्षा कायम केली होती आणि त्यासाठी 1868 च्या इंग्लंडमधील हिक्लिन खटल्याची कसोटी वापरली होती. ज्यांची मने अशा प्रभावांना सहज बळी पडू शकतात त्यांना हा मजकूर बिघडवील काय, हा त्या कसोटीचा प्रश्न. ‘श्यामा’च्या निकालाने ही कसोटी टाकली नाही, तिची धार मात्र बोथट केली, ती टाकून समकालीन समाजाच्या मापदंडांचा निकष स्पष्टपणे स्वीकारला जायला 2014 चा अवीक सरकार खटला यावा लागला.

या प्रकरणाचा एक धागा समीक्षकांनी दुर्लक्षिला आहे. ज्या 1969 साली काकोडकर न्यायालयातून सुटले, त्याच वर्षअखेरीस त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि एकत्र कुटुंबाचा आदर्श म्हणून घराघरांनी तो सहकुटुंब पाहिला. एकाच लेखणीतून आलेली एक कथा आरोपीच्या पिंजऱ्यात आणि दुसरी कौटुंबिक मनोरंजनात जाते, यात विसंगती नाही. काकोडकर, आणि त्यांच्यासारखे वर्षाला अनेक पुस्तके लिहिणारे लोकप्रिय कादंबरीकार, ज्या वाचकासाठी लिहीत होते तो वाचक या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात वाचणारा होता. प्रणयकथा आणि कामुक कथा यांच्यात त्याच्या लेखी भिंत नव्हती, उतार होता. आणि तो उतार कुठवर उतरायचा हे तो प्रसंग, एकांत आणि हाती लागलेले पुस्तक पाहून ठरवीत असे. मराठी समीक्षेने मात्र हा सगळा उतार ‘बाजारू’ या एका शब्दात गुंडाळून टाकला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’, भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’, तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ यांच्यावरील वादांत समीक्षक हिरिरीने उतरले, कारण तिथे वाङ्मयाची प्रतिष्ठा पणाला लागली होती. जिथे प्रतिष्ठेचा प्रश्नच नव्हता तिथे त्यांनी पाहिले नाही.

हे वाङ्मय भूमसारख्या गावात पोहोचत कसे होते, हा प्रश्न येथे येतो. बालाघाटाच्या डोंगररांगांतील, खव्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव रेल्वेमार्गावर नाही. जवळची मोठी बाजारपेठ बार्शीची, आणि 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्यामुळे मराठी छापील मजकुराचा प्रवाहच मुळात पश्चिम महाराष्ट्राकडून सीमा ओलांडून येणारा. अशा गावाला छापील कागद दोन वाटांनी मिळत असे. एक वाट सार्वजनिक वाचनालयाची. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अशा वाचनालयांना अनुदान, दर्जा आणि तपासणी यांच्या चौकटीत आणले. तिथे ग्रंथपाल गावातलाच असतो, देवघेवीच्या नोंदवहीत नाव लिहिले जाते आणि वृत्तपत्राच्या टेबलाशी मास्तर बसलेले असतात. दुसरी वाट बसस्थानकावरील पुस्तकांच्या स्टॉलची आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या खाजगी लायब्ररीची, जिथे रोजच्या भाड्याने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेपासून सामाजिक कादंबरीपर्यंत सर्व काही मिळे आणि ‘आतले’ मागितले तर कधीकधी तेही मिळे. पहिल्या वाटेवर गाव वाचकाला ओळखत होते. दुसऱ्या वाटेवर फक्त दुकानदार. म्हणूनच अशा गावातला वाचक हे पुस्तक शक्यतो परगावी, म्हणजे बार्शीला किंवा प्रवासात घेतो आणि गावात आणून मित्रांत फिरवतो, हा साधा भूगोल या वाचनाच्या अभ्यासात सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवा.

या दोन वाटांमध्ये एक अधिकृत पळवाट होती, ती दिवाळी अंकांची. 1951 मध्ये मधुकर पाटकर यांनी सुरू केलेल्या ‘आवाज’ या विनोदी अंकाची ‘खिडकीचित्रे’ प्रसिद्ध आहेत. वरच्या पानाला पाडलेल्या चौकोनी खिडकीतून भलतेच काही सूचित होई आणि पान उलटले की चित्र निरुपद्रवी निघे. वाचकाच्या मनातील चावटपणा त्याच्याच पदरात टाकून अंक नामानिराळा राहत असे. असा अंक बैठकीच्या खोलीत उघडपणे पडून राहू शकत होता. चित्रपटगृहात हीच युक्ती दादा कोंडके यांनी द्व्यर्थी संवादांतून वापरली. शिमग्याने जशी वर्षातून काही दिवसांची मुभा दिली होती तशी दिवाळीने छापील चावटपणाला दिली, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

‘पिवळे पुस्तक’ मात्र या मुभेच्या पलीकडचे. हलका कागद, घाईची छपाई, शुद्धलेखनाचे तीनतेरा आणि वेष्टनावर मजकुराशी संबंध नसलेले छायाचित्र असे त्याचे सर्वसाधारण रूप होते. ‘हैदोस’ हे नाव पुढे एका प्रकाशनापुरते न राहता प्रकाराचेच नाव झाले. या कथांच्या भाषेकडे अभ्यासकाने नीट पाहायला हवे, कारण मराठी गद्याची एक जुनी अडचण तिथे उघडी पडते: शरीराच्या अवयवांसाठी आणि क्रियांसाठी मराठीत एकीकडे वैद्यकीय संस्कृत आहे, दुसरीकडे शिवी आहे, आणि मधला घरगुती, प्रेमाचा शब्द जवळजवळ नाही. म्हणून हे लेखक एका वाक्यात कादंबरीतली नटवी उपमा आणि पुढच्या वाक्यात शिवी असे हेलकावे खातात. लावणीने हा मधला प्रदेश शेत, विहीर, पाखरू, दागिने यांच्या रूपकांनी भरून काढला होता; पिवळ्या पुस्तकाला तेवढी सवड नव्हती आणि कौशल्यही नव्हते.

पडद्यावर येताना या भाषेला लिपीचा प्रश्न पडला. आरंभीच्या काळात देवनागरी फाँट प्रत्येकाचा वेगळा असे आणि एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांत बदले, म्हणून पहिल्या पिढीतील चावट कथा रोमन अक्षरांत लिहिल्या गेल्या. रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी डोळ्यांनी झरझर वाचता येत नाही, ओठांनी पुटपुटत वाचावी लागते. त्यामुळे छापील भाषेचा नटवेपणा गळून बोलीचा उच्चार आपोआप आत आला. पुढे युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळली, मोबाइलवर देवनागरी कळफलक आला आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओच्या आगमनानंतर डेटा इतका स्वस्त झाला की खव्याच्या भट्टीवर बसलेल्या मुलाच्या हातातही अखंड वाचनालय आले. 2008 मध्ये सुरू झालेली आणि 2009 मध्ये सरकारने अडवलेली ‘सविता भाभी’ ही चित्रमालिका अनेक भारतीय भाषांत फिरली, आणि बंदीमुळे तिचे नाव ज्यांनी ती कधी पाहिली नव्हती त्यांनाही कळले. परंतु मराठीत मोबाइलवर फिरणारा मोठा भाग चित्रांचा नाही, मजकुराचा आहे: जुन्या पिवळ्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे जोडून केलेल्या पीडीएफ फायली, हिंदी कथांतील गावांची आणि पात्रांची नावे बदलून केलेली रूपांतरे, आणि भाग पाडून क्रमशः टाकल्या जाणाऱ्या नव्या कथा, ज्यांच्या पुढच्या भागाची मागणी वाचकच करतात आणि कित्येकदा कथानकही तेच वळवतात.

या बदलातील खरा कळीचा मुद्दा तंत्राचा नाही, कायद्याचा आहे, आणि तो वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. भारतीय दंड संहितेचे कलम 292, ज्याची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 ने घेतली, अश्लील वस्तूची विक्री, भाड्याने देणे, वाटप, प्रदर्शन किंवा कोणत्याही रीतीने प्रसार, तसेच या हेतूंनी ती बाळगणे यांना शिक्षा सांगते. स्वतः वाचण्यासाठी ती जवळ ठेवणे यात बसत नाही. म्हणजे कागदाच्या काळात भाड्याने पुस्तक देणारा दुकानदार कायद्याच्या कक्षेत होता. ते घरी नेणारा वाचक नव्हता. त्याने ते पुढे मित्राला दिले तर काटेकोरपणे तोही प्रसारच, परंतु उशीखालून उशीखाली गेलेल्या पुस्तकाचा माग कोण काढणार? माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 67 मात्र असा मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करणे आणि पाठवणे या दोहोंना सारखेच लागू होते, आणि पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. बोटाने एकदा दाबून कथा पुढे ढकलणारा वाचक त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने वितरकाच्या रांगेत जाऊन बसतो. कागदावर जे औदार्य होते ते पडद्यावर अपराध होऊ शकते, आणि त्याची नोंद, वेळ व क्रमांकासह, पुसली जाईपर्यंत दोन्ही टोकांना राहते.

खाजगी वर्तुळ हे यावर उत्तर होऊ शकत नाही, हे धाराशिव जिल्ह्याला शेजारच्या लातूरने दाखवून दिले आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1994 मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या, सभासदांपुरत्या खाजगी वितरणासाठी असलेल्या बुलेटिनमध्ये छापली गेली आणि प्रकरण लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्यात आले. ठाण्याचे नाव हा योगायोग, पण कवितेने तो रचला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता. वीस वर्षांनंतर, 14 मे 2015 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिलगिरी छापणाऱ्या प्रकाशकाला सोडले आणि कवीवरील अश्लीलतेचा आरोप पुढे चालू ठेवला. ती कविता कामुक कथा नव्हे आणि तिला या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. परंतु ‘आपल्या आपल्यात’ वाटलेला कागदही कायद्याच्या हिशेबात प्रकाशनच ठरू शकतो, ही गोष्ट तिच्या निमित्ताने स्पष्ट झाली. आज गटात दोनशे माणसे असलेला वाचक स्वतःला आपल्या आपल्यातच समजत असतो.

कायदा बाजूला ठेवला तरी या वाङ्मयाविषयी आंधळी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. त्यातील नायिका फार मोठ्या प्रमाणात वहिनी, शेजारीण, मालकीण किंवा मोलकरीण असते, म्हणजे जिच्याशी बोलण्याला मराठी कुटुंबाने किंवा जातीने अदब किंवा अंतर घालून दिले आहे अशी स्त्री. कथेची सारी उत्तेजना त्या मर्यादेच्या भंगावर उभी असते. दीर-भावजयीच्या थट्टेला लोकगीतांत जी जागा होती ती दोन्ही बाजूंनी बोलण्याची होती, येथे स्त्रीचा होकार बहुधा गृहीत धरलेला असतो किंवा नकाराचेच होकारात रूपांतर करून दाखवले जाते. मोलकरणीच्या कथेत जात उच्चारली जात नाही, पण वस्तीचे नाव आणि बोली तिची ओळख सांगून टाकतात. शेतातली मजूर स्त्री ही मालकाच्या शेजेची वस्तू होती या अनुभवाचा इतिहास ज्या प्रदेशात फार जुना झालेला नाही, तिथे अशी कथा केवळ करमणूक म्हणून वाचता येत नाही. याउलट, स्त्रीच्या नावाने लिहिलेल्या कथांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यांपैकी पुष्कळ पुरुषांनी लिहिलेल्या असाव्यात असे त्यांच्या भाषेवरून दिसते. पण 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या वाचन-लेखनाच्या व्यासपीठांवर क्रमशः प्रणयकथा लिहिणाऱ्या मराठी स्त्रिया जेव्हा शयनगृहाचे दार उघडे ठेवतात, तेव्हा तिथे होकार, थकवा, सासूचे खोकणे आणि सकाळचा डबा यांनाही जागा मिळते, आणि काकोडकरांच्या वाचकाला ठाऊक असलेला तो जुना उतार आता दुसऱ्या बाजूने चढला जात असल्याचे दिसते.

केरळाशी तुलना येथे उपयोगी पडते, ती लाज वाटून घेण्यासाठी नव्हे. मुट्टत्तु वर्की यांच्या ‘पाडात्त पैंकिळी’ या कादंबरीवरून मलयाळीत भावुक लोकप्रिय कथांना ‘पैंकिळी’ हे नाव मिळाले, आणि कोच्चुपुस्तकम् तिच्याहून वेगळे ठेवले गेले. म्हणजे तिथल्या वाचकाने आपल्या आवडीच्या पायऱ्यांना स्वतंत्र नावे दिली. गावोगावच्या ग्रंथशाळांच्या चळवळीने तिथे वाचन हा सार्वजनिक अभिमानाचा विषय केला होता, आणि ज्या समाजात सगळेच वाचतात तिथे चोरून काय वाचले जाते याविषयीही थट्टेने का होईना बोलले जाते. मराठीत वाचनसंस्कृतीची भाषणे पुष्कळ होतात. जानेवारी 2020 मध्ये त्रेण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले. वाचक घटला अशी तक्रार अशा प्रत्येक मांडवाला परिचित असते. त्याच मांडवात बसलेल्या शेकडो लोकांच्या खिशातील मोबाइल मात्र मराठी मजकुराने भरलेले असतात, हे वाचन मोजायचे की नाही याचा निर्णय अजून कोणी केलेला नाही.

ते मोजायचे ठरवले तर पुराव्याची अडचण समोर येते. ‘रंभा’चा 1962 चा दिवाळी अंक नष्ट करण्याचा आदेश झाला होता, तरी ‘श्यामा’ची कथा, तिच्यावरील आक्षेप आणि बचाव हे सर्व निकालपत्रात टिकून राहिले, कर्व्यांच्या वाचकांचे प्रश्न खटल्याच्या कागदांत टिकले. ज्यांना पुसून टाकायचे होते त्यांनीच ते जपले. मोबाइलमधील कथेला असा शत्रूही नाही. ती टाकणाऱ्याचे नाव खोटे असते, वाचणारा वाचून झाल्यावर ती पुसतो, फोन बदलला की उरलेलीही जाते, आणि वाचनालयाच्या नोंदवहीसारखी एकही ओळ मागे राहत नाही. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाला मजकुराच्या मागे धावण्याऐवजी माणसांकडे जावे लागेल: बसस्थानकावर पूर्वी स्टॉल चालवणाऱ्याकडे, भाड्याच्या लायब्ररीच्या जुन्या मालकाकडे, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर मेमरी कार्ड भरून देणाऱ्या मुलाकडे, आणि ज्या घरांत असे पुस्तक सापडल्यावर भांडण झाले किंवा हसू झाले त्या घरांतील स्त्रियांकडे. त्यांच्यापैकी बहुतेक जण पहिल्या भेटीत असे काही नव्हतेच म्हणून सांगतील. दुसऱ्या भेटीत ते मित्राविषयी बोलतील.